सिचुआनी हॉटपॉट: बसायचं कसं, बुडवायचं काय, काढायचं कधी

गाडीवरच्या 'शेजवान'चं चीनमधल्या सिचुआन प्रांताशी नातं नावापुरतंच. आपली ती लाल चटणी म्हणजे मिरची, लसूण आणि व्हिनेगर. सिचुआनची राजधानी चंग्दू. तिथल्या हॉटपॉटमध्ये, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात कच्चे जिन्नस आपणच बुडवून शिजवायच्या जेवणात, मिरचीच्या बरोबरीने मान असतो तो ह्वाज्याओला, आणि ह्वाज्याओ हा आपल्या तिरफळाचा चुलतभाऊ. दोन्ही झाडं झॅन्थॉक्सिलम या एकाच प्रजातीतली. बांगड्याच्या आमटीत चुकून तिरफळ दाताखाली आलं की जीभ कशी झिणझिणते, ते कोकण-गोव्याकडच्यांना सांगायला नको. इथे पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या तोंडाची तीच गत होते. तिथले लोक या झिणझिणीला 'मा' म्हणतात आणि मिरचीच्या तिखटाला 'ला'. दोन्ही मिळून 'माला'. 'मा' तर चवीपेक्षा स्पर्शच जास्त. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठांवर ह्वाज्याओ लावून पाहिला, तेव्हा ती थरथर सेकंदाला साधारण ५० कंपनांएवढी भरली.

हे आधीच सांगतोय, कारण आपली मंडळी 'तिखटाचं आम्हाला काय सांगता' म्हणत टेबलाशी बसतात. मीही तसाच बसलो होतो. कामानिमित्त चंग्दूत असताना सहकाऱ्यांबरोबर गेलो आणि ऐटीत सगळ्यात तिखट रस्सा मागवला. मटण झालं, मासे झाले, काही वाटलं नाही. घात केला तो कोबीच्या पानाने. उकळत्या लाल तेलातून काढलेलं ते पान घड्या-घड्यांतून मिरचीचं तेल भरून वर आलं होतं आणि मी ते न निथळता तोंडात टाकलं. पुढची पाच मिनिटं मला कुणाशी बोलता आलं नाही. शेजारचा सहकारी मात्र तोच रस्सा तासभर शांतपणे खात होता. तिखट त्यालाही लागत होतंच, पण काय कुठे टाकायचं आणि कधी काढायचं, हे त्याला ठाऊक होतं.

आधी रस्सा ठरवा

पहिल्यांदा जात असाल तर 'युआनयांग' भांडं मागा. मधे पडदा घातलेलं हे भांडं असतं, एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला पांढरा. युआनयांग म्हणजे मँडरिन बदकांची जोडी. नर रंगीबेरंगी, मादी साधी, म्हणून हे नाव. चोंगचिंगला गेलात तर नऊ खणांचं भांडं दिसेल. मधल्या खणाखाली आच सगळ्यात जास्त, म्हणून झटपट शिजणारे पदार्थ तिथे. कोपऱ्यांत मंद आच, सावकाश शिजणारं तिकडे. चोंगचिंग १९९७ पर्यंत सिचुआन प्रांतातच होतं, आता ती केंद्राच्या थेट अखत्यारीतली महानगरपालिका आहे. हॉटपॉट खरा कुणाचा, यावर या दोन शहरांत वाद घालायला लोकांना आवडतं. तुम्ही त्यात पडू नका, दोन्हीकडे जेवा.

तिखटाची पातळी विचारतील तेव्हा 'वेइला', म्हणजे सौम्य, असं म्हणा. तिथलं सौम्य आपल्याकडच्या झणझणीत मिसळीच्या जवळपास जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पारंपरिक लाल रश्श्याचा पाया गोवंशाच्या चरबीचा असतो. तीच गरम होऊन वर लाल थर धरते. तुम्हाला ती चालत नसेल तर वनस्पती तेलाचा रस्सा मागा. त्याला 'छिंगयोऊ' म्हणतात आणि तो बऱ्याच ठिकाणी मिळतो. पांढरा रस्सा पाहून निर्धास्त होऊ नका, तो बहुधा हाडांचा किंवा कोंबडीचा असतो. अळंब्यांच्या रश्श्यातही कोंबडी असू शकते. शाकाहाऱ्यांनी काय चालत नाही ते फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये स्वच्छ लिहून वेटरला दाखवावं. 'शाकाहारी' एवढ्याच शब्दावर भागत नाही, कारण 'भाजी आहे ना' म्हणून चरबीतली भाजीही तुमच्यापुढे येऊ शकते. माणशी वेगळं छोटं भांडं देणारी ठिकाणं त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीची. चंग्दूच्या वनशू मठात शाकाहारी उपाहारगृह आहे. हॉटपॉटचा हट्ट नसेल तर तिकडे पोटभर जेवता येतं.

मागवताना हात आखडा

टेबलावरचा क्यूआर कोड फोनवर स्कॅन करून ऑर्डर द्यायची, नाहीतर कागदावर खुणा करायच्या. ताटल्या येतात त्या कच्च्या जिन्नसांच्या आणि भूक लागलेला माणूस नेहमी जास्तच मागवतो. अर्धी ताटली मिळते का ते विचारा. चौघांत आठ-दहा अर्ध्या ताटल्या पुष्कळ होतात. कमी पडल्या तर पुन्हा मागवा, दोन मिनिटांत येतात, शिजवायला आचारी थोडाच लागतोय!

यादीत ओळखीचं बरंच सापडेल: बटाटा, कमळकाकडी, कोहळा, लावी पक्ष्याची अंडी, टोफू. त्याच्या जोडीला सुईसारख्या बारीक देठांच्या एनोकी अळंब्या आणि रताळ्याच्या पिठाच्या रुंद, पारदर्शक शेवया घ्या. वजडी आवडीने खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे. हंसाचं आतडं, डुकराचा भेजा, आणि सगळ्यांत मानाचं 'माओदू', म्हणजे काळपट, काटेरी पृष्ठभागाचं गोवंशाचं जठर. हॉटपॉटची सुरुवात नदीकाठच्या हमाल-नावाड्यांच्या या स्वस्त मांसापासून झाली, असं सांगतात. आज तेच माओदू यादीत वरच्या भावाला असतं.

वाटी

टेबलावर छोटासा डबा येईल, शीतपेयाचा वाटावा असा. त्यात तिळाचं तेल असतं. ते सबंध वाटीत ओता. हो, सबंध. त्यावर ठेचलेला लसूण भरपूर, कोथिंबीर, हवं तर कांद्याची पात आणि दोन थेंब व्हिनेगर. इतकं तेल पाहून आपल्याला कसंतरी होतं, पण त्यामागे विचार आहे. मिरचीतला तिखट अंश तेलात विरघळतो, पाण्यात नाही. रश्श्यातून काढलेला घास वाटीत बुडवला की थोडा निवतो आणि त्याच्यावरचं जहाल तेल वाटीत उतरतं. उत्तर चीनमध्ये तिळाचा दाट लगदा घेतात. लाल रश्श्याबरोबर तो मला जड वाटतो. वाटीचे पैसे माणशी वेगळे लावतात, बिलात दिसले तर चक्रावू नका.

टाका आणि काढा

रस्सा खदखदू लागेपर्यंत थांबा. मग आधी मांस, कारण त्याने रश्श्याला चव येते. सगळं एकदम ओतू नका, उकळी बसते आणि पदार्थ शिजण्याऐवजी नुसते भिजत पडतात. कच्च्या मांसाच्या चॉपस्टिक्स वेगळ्या आणि तोंडात घालायच्या वेगळ्या, हे सुरुवातीलाच ठरवून टाका.

माओदूसाठी तिथे एक मंत्र आहे: 'सात वेळा वर, आठ वेळा खाली'. चॉपस्टिक्सची पकड सोडायची नाही. तुकडा उकळत्या रश्श्यात बुडवायचा, उचलायचा, परत बुडवायचा. साधारण पंधरा सेकंदांत कडा आकसून वर वळतात, तेव्हाच काढायचा. त्या क्षणी तो दाताखाली करकर वाजतो. गप्पांत रमलात आणि अर्धं मिनिट उलटलं की रबर. हंसाच्या आतड्याचंही तसंच.

बटाटा चार-पाच मिनिटं, कमळकाकडीही तेवढीच. भेज्याला दहा मिनिटांहून जास्त. तो झाऱ्यात ठेवून बुडवा, नाहीतर त्याचा मागमूस लागणार नाही. पालेभाजी, कोबी, अळंब्या पांढऱ्या बाजूला. माझ्या कोबीचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. लाल बाजूतून काही काढलंत तर भांड्याच्या कडेला निथळू द्या आणि चिकटलेले ह्वाज्याओ झटकून टाका. एनोकीच्या झुपक्यात ते हमखास लपतात. शेवया सगळ्यांत शेवटी, कारण त्या रस्सा पितात आणि तळाला लागतात. लाल रस्सा स्वतः मात्र पिऊ नका, तिथलं कुणीही पीत नाही. तो शिजवायचं माध्यम, आपल्या तांबड्या रश्श्यासारखा वाटीत घेऊन भुरकायचा नव्हे. पांढरा प्यायचा तर सुरुवातीलाच, त्यात काही पडायच्या आत.

तोंड पेटलं तर

पाणी पिऊन उपयोग होत नाही, आग नुसती इकडून तिकडे जाते. थंड सोयाचं दूध मागवा, नाहीतर आंबट-गोड सुक्या प्लमचं सरबत. 'बिंगफेन' नावाची थंडगार, थरथरती जेली मिळते. तिच्यावर गुळाच्या पाकासारखा काळा पाक ओततात. मी तर ती जेवणाच्या मध्यावरच मागवतो. रस्सा आटला तर वेटर वरून भर घालतो, आणि आच कमी करायचं बटण तुमच्याच टेबलाला असतं, ते वापरायची लाज बाळगू नका.

बसल्याबसल्या ॲप्रन देतील, तो बांधाच. खुर्चीवर टाकलेल्या जॅकेटला झाकण मिळालं तर तेही घ्या. शिंतोडे चुकवता येतात, वास नाही. मी त्या रात्री कपडे बदलले, केसही धुतले. तरी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंनी हलकेच श्वास ओढला, माझ्याकडे पाहून हसल्या आणि विचारलं, "वेइला?"