गवत कापण्याआधी कुरणाचे वरून फोटो काढून ठेवा

पाऊस सरताना माळ हिरवागार असतो, आणि यंदा चाऱ्याची चिंता नाही असं वाटून जातं. ड्रोनच्या फोटोतही तसंच दिसतं. फसगत होते ती इथेच. तरोटा, गाजरगवत, घाणेरी हेही हिरवंच. जनावर मात्र त्याला तोंड लावत नाही. म्हणून फोटो दोनदा काढा. एकदा आत्ता, आणि पुन्हा डिसेंबरअखेर, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. तोवर पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं वाळून पिवळी पडतात. तेव्हाही जे गर्द हिरवं दिसेल ती बहुतेक वेडी बाभूळ नाहीतर घाणेरी.

आत्ताच्या फोटोत हिरव्याआधी उघडी माती शोधा. गुरांच्या वाटा पाणवठ्याशी येऊन मिळतात आणि तिथली जमीन पांढुरकी पडलेली दिसते. गेल्या वर्षीपेक्षा हा पट्टा रुंदावला असेल तर तेवढा भाग यंदा बंद ठेवा. चाटण वीट (गुरांनी चाटायची मीठ-खनिजांची वीट) लांबच्या, न चरलेल्या कोपऱ्यात टांगा, गुरं तिकडे वळतात. तांबूस पट्टा दिसला तर जवळ जाऊन बघा, कुसळी हे टोकदार बियांचं गवत पिकलेलं असू शकतं. असेल तर मेंढ्या तिथे नेऊ नका, कुसळं तोंडात आणि कातडीत रुततात.

चारा किती, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी खाली उतरावंच लागतं. फोटोत दाट, मध्यम, विरळ असे तीन भाग पाडा. प्रत्येकात चार-पाच ठिकाणी १ मीटर बाय १ मीटरची चौकट टाकून गवत कापा, वाळवा, तोला. चौकटीला सरासरी १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १ टन. त्यातलं निम्मं जमिनीसाठी राहू द्या. उरलेल्या ५०० किलोत ३०० किलो वजनाची एक गाय अडीच महिने निघते, फार नाही.

मोठ्या गायरानाला ड्रोन हवाच असं नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर ५ दिवसांनी. त्यातला एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे बांधावरचं गवत त्यात शोधू नका.

ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर आपला भाग हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात आहे का ते बघा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय तोही नको. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या ठिकाणी तर नाहीच. मेंढरं आवाजाने बिचकून पांगतात, तेव्हा कळप दुसऱ्या अंगाला गेल्यावरच उडवा.