इंडियाच्या बास्केटबॉल टीमबरोबर पहिल्यांदा परदेशी जाताना: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरींसाठी

पहिलं काम पासपोर्ट. कॅम्पचं पत्र आलं की बघू म्हणत बसू नकोस, कारण प्रॉबेबल्समध्ये (टीम निवडायच्या आधीच्या मोठ्या यादीत) नाव लागलं की लगेच व्हिसासाठी पासपोर्ट मागतात आणि तेव्हा धावपळ करून काही हाती लागत नाही. स्टेट टीममध्ये नाव आलं की त्याच महिन्यात अर्ज टाकायचा. बेळगावात हेड पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, तिथं लवकरची तारीख मिळाली नाही तर हुबळी. पण आपल्याकडची खरी भानगड नावाची असते. जन्मदाखला कन्नडमध्ये, टीसी मराठी शाळेची, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं इनिशियल, आधारवर आडनाव आधी आणि नाव नंतर, आणि स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. हे सगळं अर्ज करायच्या आधी एकसारखं करून घे, पासपोर्टवर इनिशियल न ठेवता पूर्ण नाव असू दे, आणि बास्केटबॉल फेडरेशनकडं जाणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर तेच स्पेलिंग लिही. लहानपणी काढलेला पाच वर्षांचा पासपोर्ट असेल तर तो कधी संपतोय ते आजच उघडून बघ, बहुतेक देशांना प्रवासाच्या तारखेपासून पुढं सहा महिने तरी शिल्लक लागतात. दौऱ्यात पासपोर्ट बहुतेक वेळ मॅनेजरकडं असतो, त्यामुळं एक कलर झेरॉक्स बॅगेत, एक फोटो मोबाईलमध्ये आणि एक आईच्या मोबाईलमध्ये.

(मी पोरींना धरून लिहितेय कारण विचारायला पोरीच येतात. पोरांनी आपलं आपलं बदलून वाचावं.)

कॅम्पमध्ये पहिली अडचण बोलण्याची. आपण कर्नाटकाकडून खेळतो, निपाणीची पोरगी आणि कागलची पोरगी एकाच एसटीत बसत असल्या तरी नॅशनल्सला एक कर्नाटकात आणि एक महाराष्ट्रात. स्टेट टीममध्ये कन्नड चालतं, ते आपल्याला मोडकंतोडकं का होईना येतंयच. इंडिया कॅम्पला मात्र केरळच्या मल्याळममध्ये, तमिळनाडूच्या तमिळमध्ये, पंजाबच्या पंजाबीत आणि रेल्वेकडून खेळणाऱ्या सगळ्यांत मिळून बोलतात, आणि कोच बाहेरचा असला तर टाइमआउटमध्ये सगळं इंग्लिशमध्ये आणि तेही धावत्या गाडीसारखं. भाषण करता यायला लागत नाही. स्क्रीन डावीकडनं आली (कुणी वाट अडवून उभी राहिली), स्विच (आपापली पोरगी बदला), हेल्प, कटर गेला (कुणी रिंगकडं पळाली), एवढं मोठ्यानं ओरडता आलं पाहिजे. आपल्या पोरी खेळायला चांगल्या असतात पण कोर्टवर तोंड उघडत नाहीत, आणि गप्प राहणाऱ्या डिफेन्डरला कोच बाराच्या टीममध्ये घ्यायला कचरतो. हे इथंच शाळेच्या ग्राउंडवर सुरू करायचं, कुणी हसलं तर हसू दे की.

बेंगळूरला कॅम्प असला तर प्रवास सोपा, राणी चन्नम्मानं रात्रीत जाता येतं आणि आता २०२५ पासून वंदे भारत पण आहे, पहाटे बेळगाव सोडून दुपारी बेंगळूर. पण आदल्या दिवशीच पोच. रात्रभर गाडीत पाय दुमडून बसायचं आणि सकाळी फिटनेस टेस्ट द्यायची असं करू नको.

आता खेळाचं. आपल्याकडं बहुतेक कोर्ट सिमेंटचे आणि उघड्यावर, जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की बॉल हातात घ्यायची सोय नाही, आणि बऱ्याच स्पर्धा नेमक्या याच महिन्यांत असतात. म्हणून मेच्या आधीच ठरव की पावसात कुठं खेळायचं, कॉलेजचा हॉल, नाहीतर आठवड्यातनं दोनदा का होईना दुसऱ्या गावी. लाकडी फ्लोअरवर बॉल एकसारखा उसळतो, शूज धरून ठेवतात, आणि थांबण्याची सवय नसलेल्या गुडघ्याला ते पहिले दोन दिवस जड जातं. मॅचचे शूज सिमेंटवर घालायचे नाहीत, तळ घासला की लाकडावर घसरायला होतं. हॉलमध्ये रिंगच्या मागं भिंत नाही, लांबवर खुर्च्या असतात, त्यामुळं अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून शूटिंग प्रॅक्टिसला सगळ्यात आधी जाऊन कोपऱ्यातनं, विंगवरनं मारून डोळा बसवायचा. आणखी एक, थ्री पॉइंटची रेघ ६.७५ मीटरवर आहे, २०१० च्या आधी ती ६.२५ होती आणि जुन्या शाळांच्या कोर्टवर अजून तीच रंगवलेली सापडते. टेप घेऊन मोज आणि खडूनं नवीन मार. पोरींचा बॉल सहा नंबरचा, गावच्या स्पर्धेत सात नंबरचा दिला म्हणून त्यावरच प्रॅक्टिस करत राहू नको. आणि २४ सेकंदांचं घड्याळ, तेवढ्यात शॉट मारावाच लागतो! आपल्या लोकल स्पर्धांत शॉट क्लॉक क्वचितच असतं, त्यामुळं पोरी निवांत बॉल फिरवत बसतात. कुणालातरी बाजूला मोबाईल घेऊन उभं करायचं, २४ मोजायला सांगायचं, आणि आपणच रिबाउंड (रिंगला लागून परत आलेला बॉल) काढला तर पुन्हा २४ नाही, १४ च मिळतात, हे अंगात भिनलं पाहिजे.

बॅगेचं थोडक्यात सांगते. मॅचचे शूज, एक जोड कपडे, टूथब्रश आणि औषधं केबिन बॅगेत, कारण चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आलेली मी पाहिलीय आणि दुसऱ्याच्या शूजमध्ये खेळता येत नाही. पॉवर बँक पण हातातच, चेक-इनमध्ये चालत नाही. आर्म स्लीव्ह, हेडबँड, टाइट्स हे सगळ्या टीमचं एकाच रंगाचं लागतं, तेव्हा काळं आणि पांढरं दोन्ही ने. नथ, कानातलं, चेन, सौंदत्तीच्या यल्लम्माचा दोरा, सगळं मॅचच्या आधी काढायला लावतात, दोरा आईनं बांधलेला असला तर आधीच सांगून ठेव म्हणजे रडारड नको. पाळीचं सामान इथनंच ने. फिक्या रंगाचा ड्रेस घालून खेळायचा दिवस येणारच, त्यासाठी काळी शॉर्ट्स आतनं घालता येते का ते मॅनेजरला आधी विचार, लाजू नको.

खाऊचं मात्र लांबण लावावं लागेल. दुधाचा कुंदा द्यायची घरच्यांची फार हौस असते. युरोपमध्ये बाहेरनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ स्वतःपुरते सुद्धा नेता येत नाहीत, ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक खाण्याची वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावी लागते. आणि दुबई, अबुधाबी, सिंगापूर इथं खसखस नेणं गुन्हा आहे. गुन्हा म्हणजे खरोखरचा, जकात भरून सुटण्यातला नाही. अनारसे, खसखस घातलेले लाडू, आईनं कुटलेला मसाला, यातलं काही बॅगेत जाता कामा नये, विमान नुसतं तिथं बदलायचं असलं तरी नको. खसखशीचं दुसरं पण एक कारण आहे, ते खाली येतंय. भाजलेले शेंगदाणे, चटणी (खसखस नसलेली), खाकरा, एवढं पुरतं, आणि ते पण उतरताना फॉर्मवर लिहायचं.

आता औषधं, आणि हा भाग आई-बाबांना पण वाचून दाखव. डोपिंगच्या नियमात तुझ्या लघवीत जे सापडलं त्याला तूच जबाबदार, कुणी दिलं, का दिलं, हे नंतर. सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असू शकतं, मॅचच्या दिवसांत ते ठराविक प्रमाणाच्या वर सापडलं तर केस होते. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी २०२४ पासून मॅचच्या काळात बंद. गुडघ्यात, खांद्यात मारतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून मॅचच्या काळात बंद. खसखस जास्त खाल्ली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, हे ते दुसरं कारण. दम्याचा पंप असेल तर किती पफ चालतात याला मर्यादा आहे, डॉक्टरचा कागद आधीच टीमच्या डॉक्टरकडं दे. आणि "आयुर्वेदिक आहे गे, काही होत नाही" म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते. वनस्पतीच्या पावडरीत हायजेनामीन नावाचं बंदी असलेलं द्रव्य असू शकतं आणि डब्यावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. जिमवाल्याची प्रोटीन पावडर, ताकदीचं चूर्ण, पाळी पुढं ढकलायची मैत्रिणीनं दिलेली गोळी, यातलं काहीही टीमच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. नाडाचं (डोपिंग रोखणाऱ्या सरकारी संस्थेचं) औषध तपासायचं ॲप आहे, नाव टाकून बघता येतं.

टेस्टला बोलावलं तर घाबरायचं कारण नाही. एक बाई तुझ्याबरोबर शेवटपर्यंत राहते, तिच्या नजरेआड जायचं नाही. पाणी सीलबंद बाटलीतलं, आपण निवडलेलं आणि आपणच उघडलेलं. किट पण तीन-चारातनं आपण निवडायचं. कमीत कमी ९० मिली लागतं, ते दोन बाटल्यांत भरतात, बाटलीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतोय का ते स्वतः वाच. गेल्या काही दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी फॉर्मवर लिही, अगदी क्रोसिन पण. अठराच्या आत असलीस तर आपलं मोठं माणूस बरोबर ठेवायचा हक्क आहे, तो सोडू नको. मॅचनंतर घामानं अंग सुकलेलं असतं, त्यामुळं तास-दोन तास पण जातात, बस थांबते, सगळे वैतागतात, वैतागू दे.

विमानात उंच पोरींचे हाल होतात. तिकिटं फेडरेशन काढते, पण चेक-इनला मॅनेजरला सांगून सेंटर खेळणाऱ्या दोघी-तिघींना एक्झिटजवळची सीट मागायला काही हरकत नाही, आणि तू पाच फूट पाच असलीस तर ती सीट तू धरून बसू नको. तासाला एकदा उठून चाल, पाय सुजतात. झोपेचं गणित सोपं: दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं, जेद्दाह अडीच तास मागं, क्वालालंपूर अडीच तास पुढं, एवढ्यानं फार बिघडत नाही. जपान-कोरिया साडेतीन तास पुढं, तिकडं सकाळची प्रॅक्टिस म्हणजे शरीराला पहाटच. पूर्वेकडं जायचं असेल तर चार दिवस आधीपासून रोज थोडं लवकर झोपत जा, आणि पोचल्यावर दुपारी पडायचं नाही, बाहेर उन्हात फिर.

जेवणात भाकरी मिळणार नाही, हे धरून चाल. बुफेत पास्ता, भात, अंडी, चिकन, दही असतंच. पूर्व आशियात सूपमध्ये पण डुकराचं मटण असू शकतं, विचारूनच घे. चिकोडी, निपाणीकडच्या जैन पोरींना कांदा-लसूण पण नको असतं, त्यांनी निघायच्या आधीच मॅनेजरला लेखी द्यावं, तिथं जाऊन सांगितलं तर नुसती काकडी खावी लागते. मॅचच्या तीन-चार तास आधी पोटभर भात किंवा पास्ता, नवीन पदार्थ मॅच झाल्यावर.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. पहिल्या दौऱ्यात तू बहुतेक बेंचवर बसणार. बारा जणी असतात, खेळतात आठ-नऊ. घरी सगळ्या गल्लीला लिंक पाठवलेली असते आणि मॅच संपल्यावर काकू विचारतातच, "काय गे, टीव्हीवर कुठं दिसली नाहीस की!" त्याचं उत्तर तयार ठेव आणि बेंचवर काम कर. समोरच्या टीमची कुठली पोरगी फक्त उजवीकडनं जाते, कुणाच्या तीन फाउल झाल्या, बाहेरनं आणलेली त्यांची एक नॅचरलाइज्ड (त्या देशाचं नागरिकत्व घेतलेली) खेळाडू (एकीलाच परवानगी असते) कुठं बॉल मागते, हे बघून ठेव. कारण तुला बोलावतील ते शेवटच्या तीन मिनिटांत, आपण वीस-पंचवीसनं मागं असताना, आणि त्या तीन मिनिटांना काही किंमत नाही असं समजू नको: गटात बरोबरी झाली तर आधी आपापसातल्या मॅचचे निकाल आणि मग त्याच मॅचमधला पॉइंटचा फरक मोजतात. पंचवीसची हार आणि अठराची हार यात फरक आहे. बॉल फेकून देऊ नको, फाउल हुशारीनं कर, क्वार्टरमधली टीमची पाचवी फाउल झाली की समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. गावाकडं "इंडियावाले बास्केटबॉलला हरायलाच जातात" म्हणणारे पुष्कळ. त्यांना सांग, २०१४ मध्ये वुहानला जाऊन आपल्या पुरुषांनी चीनला हरवलंय, आणि २०१७ मध्ये बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियममध्ये आपल्या बायकांनी आशिया कपचा डिव्हिजन बी (दुसऱ्या फळीची स्पर्धा) जिंकलाय.

परत आल्यावर सांबऱ्याला विमानतळावर हार, फेटे, फोटो, मग गल्लीत सत्कार, मंडळाचा सत्कार, शाळेचा सत्कार. एक-दोन ठीक आहेत, बाकीचे आठवडाभर पुढं ढकल आणि झोप. कॉलेजमध्ये हजेरीचा अर्ज कॅम्पच्या पत्राची झेरॉक्स लावून लगेच दे, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरींनी तर जायच्या आधीच प्रिन्सिपलची सही घेऊन ठेवावी. आणि सर्टिफिकेट हातात पडलं की त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि स्पर्धेचं नाव तिथंच उभं राहून वाच, स्पेलिंग पासपोर्टसारखं नसेल तर त्याच दिवशी मॅनेजरला दाखव. पुढं केंद्राच्या स्पोर्ट्स कोट्यात नोकरीला फॉर्म एक लागतो आणि त्यावर फेडरेशनच्या सेक्रेटरीची सही, तो पण दौऱ्याच्या महिन्याभरात मागून घे, वर्षभरानं मागायला गेलीस तर टीमचा मॅनेजर बदललेला असतो आणि फोन कुणी उचलत नाही.