मुक्कामी सायकल कशी सांभाळावी

पुण्याहून सायकलवर लांब निघणाऱ्याची तयारी बहुधा घाटाच्या चढाची, पंक्चरची आणि पावसाची असते. सायकल चोरीला जाण्याची शक्यता मात्र घरच्या पार्किंगपुरतीच मनात येते. ताम्हिणी उतरून कोकणात शिरल्यावर किंवा भोरच्या पुढे एखाद्या गावात मुक्काम टाकल्यावर ‘इथे कोण नेणार?’ असे म्हणून आपण ती भिंतीला टेकवतो आणि निर्धास्तपणे जेवायला बसतो. बहुतेक वेळा कोणी नेतही नाही. पण घरापासून दीडशे किलोमीटरवर सायकल गेली, तर वाहन, सामान आणि पुढचा सगळा बेत एकदमच जातो, म्हणून थोडी शिस्त निघण्याआधीच लावून घेतलेली बरी.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी लॉजच्या मागच्या अंगणात सायकल ठेवली होती. कुलूप महागातले होते आणि ते मी भिंतीलगतच्या पाण्याच्या पाइपाला अडकवले होते. पहाटे उठलो तर अंगणभर पाणी. पाइप पीव्हीसीचा होता. तो कोणीतरी करवतीने कापला होता आणि सायकल कुलपासकट नेली होती. गच्चीवरची टाकी रात्रभर रिकामी होत राहिली होती, आणि लॉजमालकाने खोलीच्या भाड्यात पाइपाचेही पैसे लावले. चोर कुलूपच फोडतो असे नाही. कुलूप, ते ज्याला लावले ती वस्तू आणि सायकलचे सुटे होणारे भाग यांत जे सर्वांत कच्चे असेल त्याला तो हात घालतो. शिवाय पुरेसा वेळ मिळाला तर कोणतेही कुलूप तुटते. त्याने आपल्याला मिळतात ती काही मिनिटे, आणि त्या मिनिटांत तिकडे कोणाची तरी नजर जाणार असेल तरच ती उपयोगी पडतात. प्रवासात चार किलोची साखळी कोणी वाहून नेत नाही; त्यामुळे जे कुलपाने साधत नाही ते जागेची निवड आणि माणसांची नजर यांनी भरून काढावे लागते.

तरी कुलपापासूनच सुरुवात करू. नुसते केबल लॉक, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणातली पिळाची तार, हे एकट्याने भरवशाचे नाही. हाताच्या कटरने ती काही सेकंदांत तुटते. यू-लॉकचे, म्हणजे इंग्रजी ‘यू’ आकाराच्या पोलादी कडीच्या कुलपाचे, वजन साधारण एक ते दीड किलो असते आणि चढावर ते जाणवते, पण सायकल चाळीस-पन्नास हजारांची असेल तर ते सोबत असावे. ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपे प्रत्यक्ष फोडून पाहून त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड असे दर्जे देते. खोक्यावर तो शिक्का असल्यास निवड सोपी जाते. गोल नळीसारख्या किल्लीचे जुने कुलूप कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये, कारण 2004 साली अमेरिकेत असली यू-लॉक साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे उघडकीस आले होते. माझी स्वतःची जोडी एक छोटे यू-लॉक आणि दीड-दोन मीटर लांबीची, दोन्ही टोकांना फास असलेली केबल अशी आहे. कोकणात या केबलची गरज विशेष भासते, कारण पोफळीचे खोड यू-लॉकमध्ये मावते, माडाचे मावत नाही. (नारळ लगडलेल्या माडाखाली सायकल लावू नये आणि तंबू तर मुळीच ठोकू नये, तिथे चोरापेक्षा मोठा धोका वर असतो.)

यू-लॉक कुठून घालावे याविषयी अमेरिकी मेकॅनिक शेल्डन ब्राउन (1944–2008) यांनी सुचवलेली पद्धत शिकून ठेवण्यासारखी आहे. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, मागच्या चाकाची रिम आणि टायर धरून, कुलूप थेट खांबाला लावायचे. कुलूप फ्रेमच्या नळीभोवती गेलेले नसते, पण त्रिकोणाच्या आत रिम अडकल्यामुळे चाक बाहेर ओढता येत नाही आणि चाकाबरोबर फ्रेमही अडकून राहते. रिम कापली तर, अशी शंका साहजिक आहे. परंतु सगळे स्पोक रिमला आत ओढत असल्याने ती कायम दाबाखाली असते, त्यामुळे कापताना तिची फट मिटते आणि करवतीचे पाते त्यात अडकते. या पद्धतीत छोटे यू-लॉक पुरते, आणि ते जितके छोटे तितकी आतली मोकळी जागा कमी, म्हणजेच पहार किंवा जॅक घालायला वाव कमी. साखळी वापरत असाल तर ती जमिनीवर लोळू देऊ नये. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून त्यावर सगळे अंग टाकता येते. उरलेली केबल पुढच्या चाकातून आणि शक्य असल्यास सीटखालच्या पट्ट्यांतून फिरवून यू-लॉकमध्येच ओवावी.

ज्याला कुलूप लावायचे तो खांब आधी हाताने हलवून पाहावा. ‘नो पार्किंग’च्या पाटीचा खांब पुष्कळदा मातीत नुसता रोवलेला असतो, आणि जो पक्का असतो तो कधी इतका बुटका असतो की सायकल वरून उचलून काढता येते. पाण्याच्या पाइपाबद्दल तर मी पुन्हा काही सांगायला नको.

क्विक रिलीजची, म्हणजे नुसता खटका उघडून हाताने निघणारी, चाके हा चोराला दिलेला आहेर आहे. मुक्कामाच्या सफरीत चाक वारंवार काढावे लागत नाही, म्हणून त्याजागी अ‍ॅलन कीने (षटकोनी किल्लीने) फिरणारे स्क्यूअर, म्हणजे चाक धरून ठेवणारे आरपार दांडे, बसवून घ्यावेत. ते फार महाग नसतात. सीटपोस्टलाही खटक्याऐवजी बोल्टचा क्लँप असावा. बोल्टच्या षटकोनी खोबणीत मावेल असा छर्रा ठेवून वर मेण ओतले, तर घाईत असलेल्या माणसाची किल्ली आत बसत नाही आणि आपल्याला मात्र टाचणीने मेण उकरून बोल्ट खोलता येतो. दिवे, पंप, सायकल कॉम्प्युटर हे सरळ खिशात जावेत. माझ्या पाहण्यात सबंध सायकल जाण्यापेक्षा या बारीकसारीक वस्तू जाण्याचे प्रकार कितीतरी जास्त आहेत, आणि सिंहगडावर किंवा वरंध घाटात हँडलबारवरची पिशवी माकडे नेतात, त्यांच्यावर कोणत्याच दर्जाचे कुलूप चालत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास कागदपत्रांना द्यावा. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या खाली, म्हणजे पेडलचा आस जिथून जातो त्या नळीच्या तळाशी, कोरलेला फ्रेम क्रमांक वाचावा. चिखल असल्यास ब्रशने घासावा आणि क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढावा. सायकलच्या दोन्ही बाजूंचे फोटो, एखाद्या ओरखड्याचा जवळून काढलेला फोटो आणि खरेदीचे बिल हे सगळे फोनमध्ये आणि घरच्या कोणाकडे असावे. कुलपाच्या दोन किल्ल्या दोघांकडे द्याव्यात. एकटे असाल तर दुसरी कमरेच्या पाकिटात ठेवावी, पॅनियरमध्ये (कॅरिअरला टांगलेल्या पिशवीत) नव्हे. ट्रॅकरवर फार विसंबू नये. ब्लूटूथवाला टॅग आसपासच्या इतरांच्या फोनच्या आधाराने जागा कळवतो आणि सिमवाल्याला रेंज लागते. पुण्याच्या वस्तीत दोन्ही उपयोगी पडतात, ताम्हिणीच्या जंगलात दोन्ही बहुधा गप्प बसतात.

वाटेतल्या थांब्यांवरची मुख्य चूक म्हणजे ‘पाचच मिनिटे’. चहाच्या टपरीवर सायकल पाठीमागे लावून बसू नये; समोर, हात पोहोचेल इतक्या अंतरावर लावावी, आणि लघुशंकेला जातानाही केबल तरी ओढून घ्यावी. साखळी सर्वांत जड गिअरवर टाकून ठेवली तर उडी मारून पळवणारा पहिल्या पेडललाच अडखळतो. पुढच्या ब्रेकचा लिव्हर पट्टीने आवळून ठेवला तरी तेच साधते. देवळात जायचे असेल तर नारळ-हार ज्या दुकानातून घ्याल तिथेच सायकल लावावी. दुकानदार चपला सांभाळतोच. ‘मावशी, जरा सायकलकडेही बघा’ असे सांगून कुलूप लावून गेले तर त्या खरोखर बघतात. अनोळखी घोळक्याला सांगण्यात मात्र अर्थ नाही, कारण सगळ्यांवर सोपवलेली गोष्ट कोणावरच सोपवलेली नसते. कोकणात दिघी–आगरदांडा, वेशवी–बागमांडले किंवा दाभोळ–धोपावे अशा फेरीबोटींवर आपण खाडी बघायला कठड्याशी जातो. जरूर जावे, पण सायकल त्याच कठड्याला लावून.

आता तंबूच्या मुक्कामाकडे येऊ. पवना धरणाच्या काठावरील पैसे घेऊन चालवलेल्या कॅम्पांत शनिवार-रविवारी इतकी वर्दळ असते की परका कोण आणि पाहुणा कोण हे कोणालाच कळत नाही, आणि रात्री दोनपर्यंत गाणी चालू असल्याने सायकलपाशी झालेला आवाजही ऐकू येत नाही. तिथे सायकल पार्किंगमध्ये न ठेवता तंबूंच्या मधोमध ठेवण्याची परवानगी आधीच मागावी. उलट एखाद्या गावाच्या शिवारात मुक्काम करायचा असेल, तर रस्त्यावरून दिसणारी जागा टाळावी, पण गावापासून लपूनही राहू नये. संध्याकाळी उजेड असतानाच गावात जाऊन सरपंच किंवा पोलीस पाटील यांना आपण कोण, कुठून आलो आणि सकाळी कधी निघणार ते सांगावे. पोलीस पाटील हे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खालचे आहे आणि गावात आलेल्या नव्या माणसाची दखल घेणे हे त्यांच्या कामातच मोडते. ‘काका, आम्ही पुण्याचे, रात्रीपुरते देवळाशेजारी राहू का?’ एवढे विचारले की पुष्कळदा देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात जागा मिळते, आणि सायकल कोणाच्या तरी पडवीत, दाराला कडी लावून, आपल्यापेक्षा सुखात झोपते.

ती सोय नसेल तेव्हा अशी रचना करावी. दोघे असाल तर दोन्ही सायकली एकमेकींना चिकटवून, पण उलटसुलट तोंडाने उभ्या कराव्यात, म्हणजे एकीचे हँडल दुसरीच्या कॅरिअरपाशी येईल. मग यू-लॉकने दोन्ही फ्रेम एकत्र बांधून केबल झाडाभोवती न्यावी. ही जोडी ढकलत नेता येत नाही आणि उचलायला दोन माणसे लागतात. एकटे असाल तर पुढचे चाक काढून तंबूत घ्यावे आणि मागचे चाक फ्रेमसह झाडाला लावावे. झाड मनगटाएवढे जाड असून उपयोगाचे नाही, आणि केबल फांदीच्या खाली अशी बांधावी की ती खोडावरून वर सरकवून काढता येऊ नये. वरून मातकट रंगाचे कापड किंवा जुनी ताडपत्री टाकावी, कारण विजेरीच्या झोतात चमकणारे रिफ्लेक्टर दुरून दिसतात. पॅनियर आत घ्यावेत; जागा नसल्यास निदान पैसे, कागदपत्रे आणि अवजारे उशाशी असावीत. आपलेच पाने आणि पक्कड सायकलवर टांगून ठेवणे म्हणजे चोराला हत्यार पुरवणे झाले.

याखेरीज मी एक जुना उपाय करतो. आठवडे बाजारातून बैलाच्या गळ्यातला एक छोटा घुंगूर घेतला आहे. काळ्या सुतळीचे एक टोक सायकलच्या स्पोकला आणि दुसरे तंबूच्या आतल्या कडीला बांधून त्यावर तो अडकवतो. सायकल हलली की तो कानाशी वाजतो. आजवर मला त्याने मुख्यतः कुत्र्यांसाठी जागे केले आहे, तरी झोप आधीपेक्षा चांगली लागते. कधी खरोखरच माणूस असेल, तर आतूनच विजेरी लावून मोठ्याने ओरडावे. अंधारात त्याच्या मागे धावू नये.

लॉज किंवा भक्तनिवासात खोली घेताना भाडे ठरवण्याआधीच ‘सायकल खोलीत नेऊ का?’ असे विचारावे. चाके पुसून घेण्याची तयारी दाखवली की बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. रेल्वेने परत यायचे झाल्यास सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून मालडब्यातून पाठवावी, तिच्यावरचे सुटे सामान उतरवावे, नाव आणि उतरण्याचे स्थानक लिहिलेले पुठ्ठ्याचे लेबल दोन ठिकाणी घट्ट बांधावे आणि पावती सायकल हातात पडेपर्यंत जपावी.

इतके करूनही गेली, तर पहिल्यांदा जागेचा फोटो काढावा, तुटलेले कुलूप उचलू नये आणि 112 वर फोन करावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्यामुळे चोरी महाडकडे झाली आणि लक्षात माणगावला आले तरी अडत नाही. बिलाचे महत्त्व इथे कळते: पाच हजार रुपयांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरली जाते, म्हणून सायकलची खरी किंमत दाखवणारा कागद हाताशी असावा लागतो. फ्रेम क्रमांक तक्रारीत लिहून घ्यावा आणि तक्रारीची प्रत मागून घ्यावी. पुढचे काही आठवडे जुन्या सायकलींच्या ऑनलाइन जाहिराती आणि बुधवार-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार यांवर नजर ठेवावी. आपली सायकल दिसलीच तर विक्रेत्याशी हुज्जत न घालता पोलिसांना बोलवावे.

घरी पोहोचल्यावर कुलपात समुद्राच्या खाऱ्या हवेची आणि रस्त्याची धूळ साचलेली असते. ते कोमट पाण्याने धुऊन वाळवावे आणि किल्लीच्या छिद्रात पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब सोडावेत, नाहीतर पुढच्या सफरीत ते आपल्यालाच उघडणार नाही. हे काम दुसऱ्या दिवशी केले तरी चालते. सायकल मात्र त्याच रात्री, अंग कितीही मोडून आले असले तरी, बॅगांसकट पार्किंगमध्ये न सोडता जिन्याने वर न्यावी.