ॲक्सलमध्ये ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल घालायचं की ८५डब्ल्यू-१४०?

ॲक्सलचं मॅन्युअल सांगतं तो ग्रेड पहिला. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असले, तरच निवडीचा प्रश्न येतो.

डब्ल्यूआधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, ८०डब्ल्यू उणे २६ आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत. त्याखाली तेल इतकं गोठतं की गाडी हलली तरी पिनियनच्या (ॲक्सलमधल्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. पुढचा आकडा १०० अंशांना तेल किती घट्ट राहतं ते सांगतो: ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (तेलाचा घट्टपणा मोजायचं एकक), १४० म्हणजे २४ ते ३२.५. इंजिन ऑईलशी हे आकडे जुळवू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑईल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑईलइतकंच घट्ट असतं.

सपाट रस्ता आणि नेहमीचा लोड असेल तर ९० पुरतं. कडक उन्हाळा, सतत चढ, भरगच्च लोड आणि कमी वेग असं काम असेल, तर मॅन्युअलची परवानगी पाहून १४० घ्या. विनाकारण घट्ट तेल घातलं की ते घुसळण्यातच डिझेल जातं आणि हौसिंग (ॲक्सलचं कवच) तापतं. क्राऊन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा) आवाज दाबायला १४० घालणं तर सरळ चूक आहे. झिजलेले दात त्याने भरून येत नाहीत, फक्त बिघाड उशिरा कळतो.

हायपॉइड क्राऊन-पिनियनला (ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला बसतो) जीएल-५ दर्जाचंच, म्हणजे जास्त दाब सोसणारं गिअर ऑईल लागतं, कारण तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. पण तेच तेल गिअरबॉक्समध्ये परस्पर ओतू नका, त्यातल्या गंधकाच्या ॲडिटिव्हने पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात.

बदलताना गाडी सपाटीवर उभी करा, तेल कोमट असू द्या. आधी फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचा) सुटतोय का पाहा, मगच ड्रेन प्लग (तेल काढायचा, खालचा) काढा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी लेप चालतो. नखाएवढे तुकडे निघाले तर हौसिंग उघडावंच लागेल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ब्रीदरही (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ करा: तो तुंबला की आतला दाब ऑईल सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि ते ब्रेक लायनरपर्यंत जातं.

नवं तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या काठाला लागेपर्यंत भरा. बोट आत घातल्यावर तेल लागलं, एवढ्याने भागत नाही. चाकांचे हब याच तेलावर चालत असतील आणि ते खोलले असतील, तर थोडी गाडी फिरवून, तेल स्थिरावल्यावर लेव्हल पुन्हा पाहा. हबमध्ये तेल गेल्याने ती हमखास उतरते.