छोट्या बाय-इनच्या ऑनलाइन पोकर स्पर्धा: या चुका टाळा

एक ते पाच डॉलर बाय-इनच्या (प्रवेश फीच्या) टेक्सस होल्डेम पोकर स्पर्धेत (प्रत्येकाला दोन पत्ते, शिवाय टेबलावर सगळ्यांचे सामायिक पाच) समोरचा फार हुशार आहे म्हणून सहसा कोणी हरत नाही. चिप्स जातात त्या कॉल करण्यात, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच लावून खेळात राहण्यात. ‘बघू तरी काय आहे त्याच्याकडे’ म्हणून दाबलेला कॉल हे या स्पर्धांमधलं सगळ्यात महाग बटण आहे. खालच्या बहुतेक चुका तिथेच येऊन मिळतात.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर भारतात बंदी आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात कामाला येत नाही. त्यामुळे पैशांचा भाग ब्रिटन, कॅनडातलं ऑन्टारिओ, अमेरिकेतलं न्यू जर्सी अशा ठिकाणी परवानाधारक साइटवर खेळणाऱ्यांसाठी. भारतात बसून व्हीपीएन लावून खेळणारे पैसे काढताना अडकतात. तेव्हा ओळखपत्र, पत्ता आणि लॉगिनचं ठिकाण तपासलं जातं आणि शिल्लक गोठते. सुट्टीत घरी आलेल्यांनाही हे लागू. फुकट चिप्सवर सराव करता येतो, पण तिथे कोणाचंच काही जात नसल्याने लोक कशावरही ऑल-इन होतात (सगळ्या चिप्स लावतात), हे धरून चाला.

तीन पत्तीचा हात पोकरला

दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठे झालेल्यांची पहिली अडचण पत्त्यांच्या क्रमाची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा वरचढ. पोकरमध्ये उलट, फ्लश (कलर) स्ट्रेटला (सिक्वेन्सला) मारतो. कारण निव्वळ मोजणीचं आहे. तीन पत्त्यांत कलर सिक्वेन्सपेक्षा जास्त वेळा जमतो. पाच पत्त्यांत मात्र साधे स्ट्रेट १०,२०० प्रकारे होतात आणि साधे फ्लश ५,१०८ प्रकारे. बोर्डवर (सामायिक पत्त्यांत) एकाच रंगाचे तीन पत्ते असताना हातात स्ट्रेट आहे म्हणून सगळं पुढे ढकलणारे अजून भेटतात.

दुसरी सवय पत्ते न टाकण्याची. नऊ जणांच्या टेबलावर, ब्लाइंडमध्ये (पत्ते येण्याआधीच सक्तीची रक्कम टाकायच्या स्मॉल आणि बिग या दोन जागांवर) नसताना, हातात आलेल्यांपैकी पाचातले चार हात सोडून द्यायचे असतात. कंटाळा येतो, खरं आहे. पण त्या कंटाळ्याची किंमत दुसरे भरत असतात.

‘एक्क्यांची जोडी असूनही हरतो’

बहुधा फक्त बिग ब्लाइंडएवढे टाकून आत गेलेले असता. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध ८५ टक्के वेळा जिंकतात, चौघांविरुद्ध जेमतेम ५६ टक्के. सापळा लावतोय असं वाटत असतं, प्रत्यक्षात चौघांना स्वस्तात फ्लॉप (पहिले तीन सामायिक पत्ते) दाखवला जातो. पहिले तुम्हीच असाल तर २ ते २.५ बिग ब्लाइंडचा रेज (वाढवून लावलेली रक्कम) पुरतो. आधी कोणी नुसता कॉल करून बसला असेल तर ४, आणि अशा प्रत्येक जादा माणसामागे आणखी एक. टेबलावरचे लोक ५ ब्लाइंडलाही कॉल करत असतील तर ५ करा. इथे रेज वाढवला म्हणून क्वचितच कोणाला शंका येते.

मोठ्या जोडीच्या प्रेमात पडणं हा याचाच पुढचा भाग. एक हात बघा. ब्लाइंड १००/२००, अँटी (दर हाताला प्रत्येकाने टाकायची सक्तीची रक्कम) नाही, दोघांकडे ९,००० चिप्स. तुमच्याकडे एक्का-राणी, तुम्ही ५०० केले, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १,१००. फ्लॉप राणी-अठ्ठी-चौकी, तिन्ही वेगळ्या रंगांची. तुमचे ७००, कॉल. टर्नला (चौथा सामायिक पत्ता) दुर्री, तुमचे १,६००, पुन्हा कॉल. पॉट ५,७००. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) नव्वी येते, तुम्ही २,००० लावता आणि आतापर्यंत मुकाट कॉल करणारा हा माणूस उरलेले ६,२०० पुढे सारतो.

तुम्हाला आणखी ४,२०० द्यायचे आहेत, एकूण पॉट होईल १८,१००. म्हणजे २३ टक्के वेळा जिंकलात तरी कॉल बरोबर. आकडा मोहात पाडणारा आहे. पण गरीबपणे कॉल करत आलेला खेळाडू रिव्हरला अचानक रेज करतो तेव्हा त्याच्याकडे गुलाम-दश्शी (नव्वीने स्ट्रेट झाला), राणी-नव्वी किंवा तीन चौक्या असतात. राणी-गुलाम घेऊन तो तुम्हाला पळवून लावत नसतो. पत्ते टाका. त्याने काय धरलं होतं हे कळणार नाही; कळायची गरजही नाही.

उलट बाजूने हाच नियम ब्लफला लागू. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा चालला तरी पैसे फिटतात. मात्र तळाची जोडीसुद्धा न सोडणाऱ्या माणसापुढे तो तेवढाही चालत नाही. अशांपुढे ब्लफ बंद, आणि खरे पत्ते असताना अर्ध्याऐवजी पाऊण पॉट लावा.

लहान जोडी, चार बदाम

पंजीच्या जोडीवर फ्लॉपला तिसरी पंजी येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी कॉल करायचा तर कॉलच्या निदान १५ पट चिप्स दोघांकडेही हव्यात. २० ब्लाइंडच्या स्टॅकमधून (हातातल्या एकूण चिप्समधून) अडीच ब्लाइंड देऊन ‘तिसरी लागते का बघू’ हा सरळ तोट्याचा सौदा आहे.

फ्लश ड्रॉचंही (एका रंगाचे चार पत्ते, पाचव्याची वाट) तसंच. ३५ टक्के हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळून. टर्न उघडल्यावर एकच पत्ता उरतो आणि शक्यता २० टक्क्यांच्या खाली येते. समोरच्याने अर्धा पॉट लावला असेल तर तुम्हाला २५ टक्के लागतात. फ्लश लागल्यावर तो आणखी चिप्स देईल अशी खात्री असेल तरच कॉल करा.

‘बक्षिसात येतो, पण नेहमी तळाच्या पायरीला’

हे दुखणं सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याचं कारण स्टॅक चिप्समध्ये मोजणं. ९,००० हा आकडा मोठा दिसतो. ब्लाइंड ५००/१,०००, अँटी १२५, टेबलावर आठ जण असतील तर प्रत्येक फेरीला २,५०० जातात. तुमच्याकडे साडेतीन फेऱ्या आहेत, बस. सेटिंगमध्ये स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये दाखवायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच चालू करा.

१० ब्लाइंडच्या खाली दोनच पर्याय ठेवा: ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणं). ९,००० पैकी २,००० चा रेज करून कोणी ऑल-इन झाल्यावर पत्ते टाकणं म्हणजे स्टॅकचा पाचवा हिस्सा दान करणं. बटणावर (डीलरच्या जागेवर, जिच्यानंतर फक्त दोन ब्लाइंड उरतात) असाल आणि पुढच्या सगळ्यांनी सोडलं असेल तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, दोन चित्रं, बादशहासोबत अठ्ठी किंवा वरचा पत्ता एवढ्यावर ऑल-इन करता येतं. हिशेब असा: पॉटमध्ये २,५०० पडलेले आहेत. बिग ब्लाइंडने कॉल केल्यावर तुम्ही फक्त ३५ टक्के वेळा जिंकत असाल तरी दोन्ही ब्लाइंड मिळून ४७ टक्के वेळा सोडत असतील तर तुम्ही तोट्यात नाही. पहिल्या जागेवरून मात्र हात आवरा: पंजीपासून वरच्या जोड्या, एक्का-गुलाम आणि वर, एका रंगाचे एक्का-दश्शी किंवा बादशहा-राणी.

चांगल्या पत्त्यांची वाट बघत ४ ब्लाइंडपर्यंत घसरलात की ही ताकद संपते. तुमच्या ४,००० ला बिग ब्लाइंडला फक्त ३,००० आणखी द्यायचे असतात, ९,५०० च्या पॉटसाठी. त्याला ३२ टक्के पुरतात, जवळपास कोणतेही दोन पत्ते घेऊन तो कॉल करेल.

बबलवर नियम बदलतो

पुढचा एक गेला की उरलेल्या सगळ्यांना पैसे, हा बबल; अशा वेळी जिंकलेली चिप हरलेल्या चिपेपेक्षा कमी मोलाची असते. चौघे उरलेत, प्रत्येकाकडे ५,०००, बक्षिसं ५०, ३० आणि २० डॉलर. चिप्सची बक्षिसातली किंमत काढणाऱ्या आयसीएम या गणिताने प्रत्येकाचा वाटा २५ डॉलर. ऑल-इनला कॉल करून दुप्पट झालात तर वाटा ३८.३३, पन्नास नाही. बाद झालात तर शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉलसाठी ६५ टक्के लागतात. समोरचा डोळे झाकून ऑल-इन करतोय हे माहीत असलं तरी एक्का-दश्शी वेगळ्या रंगांची असेल तर ६३ टक्क्यांवरच थांबते. म्हणून बबलवर स्वतः ऑल-इन होणं आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सॅटेलाइटमध्ये (मोठ्या स्पर्धेची तिकिटं जिंकायच्या स्पर्धेत) तर टोक गाठलं जातं. १० तिकिटं, ११ खेळाडू, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आणि पहिला ऑल-इन झाला, तर एक्क्यांची जोडीही टाकायची.

बाउंटी स्पर्धेत (जिथे एखाद्याला बाद केल्याचे पैसे मिळतात) उलटी चूक होते. समोरच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त चिप्स असतील तर हा हात जिंकूनही त्याची बाउंटी मिळत नाही, कारण तो बाद होत नाही. तरी त्याच्या डोक्यावरच्या रकमेकडे बघून कॉल केले जातात.

पैशांचं थोडं

१.१० डॉलरच्या स्पर्धेत १ डॉलर बक्षिसात आणि १० सेंट साइटचे. री-एंट्री (बाद झाल्यावर पुन्हा प्रवेश) घेतली की तेही पुन्हा भरता, त्यामुळे वहीत ती वेगळी स्पर्धा म्हणून लिहा. हजारभर खेळाडूंच्या स्पर्धांसाठी निदान २०० बाय-इन बाजूला असावेत. शंभर बाय-इनची घसरण चांगल्या खेळाडूलाही येते. लेट रजिस्ट्रेशनच्या (स्पर्धा सुरू झाल्यावरच्या नोंदणीच्या) शेवटच्या मिनिटाला १२ ब्लाइंड घेऊन बसू नका. कमकुवत खेळाडू खोल स्टॅक उधळतात ते पहिल्या तासात. आणि टेबलं दोन ते चारच उघडा. सहावं टेबल उघडलं की घाईत बोट पुन्हा कॉलवरच जातं.