डायनासोरच्या डॉक्युमेंट्री बघताना या चुका टाळा

अमळनेरला आमच्या घरी दर रविवारी दुपारी गल्लीतली पोरं जमतात, बाहेर ऊन मी म्हणत असतं म्हणून कूलर लावून आम्ही डायनासोरच्या डॉक्युमेंट्री बघतो. सात वर्षं झाली. आणि सात वर्षं मी त्याच त्याच चुका बघतेय, पोरांच्या कमी आणि मोठ्यांच्या जास्त, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक आपल्या खान्देशातली. डॉक्युमेंट्रीत घरटं दिसलं की दुसऱ्या दिवशी शेतातला प्रत्येक गोल दगड अंडं होतो. पारोळ्याकडचे एक आप्पा, विहीर खोदताना कलिंगडाएवढा गोल दगड निघाला तो उपरण्यात गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आले. वर हळदकुंकू वाहिलेलं. म्हणाले, "ताई, हाई अंडंच शे, मी काल टीव्हीवर दखं." गावात बातमी फिरली होती, कोणीतरी दहा हजार देतो म्हणून सांगून गेलं होतं, घरात त्यावरून भांडण झालेलं ते वेगळंच. मी दगड ओट्यावर ठेवला आणि नखाने कडेचा पापुद्रा काढला, त्याखाली दुसरा पापुद्रा, त्याखाली तिसरा, अगदी कांद्यासारखं, आणि मध्ये काळाकुळकुळीत टणक गाभा. अंड्याचं कवच एकच असतं आणि पातळ असतं, असं थरावर थर नसतं. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्याच्या भेगांत पाणी मुरून तो कडेकडेने कुजत जातो आणि असे गोळे सुटतात. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मला फार वाईट वाटलं, पण खोटं कसं सांगणार.

मुळात खान्देशाची जमीन लाव्हाची आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची. उकळत्या लाव्हात अंडं कुठून टिकणार? ती मिळतात लाव्हाखालच्या गाळाच्या खडकात, आणि तो खडक उघडा पडलाय सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे, धार जिल्ह्यात. तिथल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच जिल्ह्यात लोक पिढ्यानपिढ्या गोल दगड शेताचा राखणदार देव म्हणून पुजत होते आणि त्यातली काही खरोखर अंडी निघाली. म्हणून मी दगड घेऊन येणाऱ्याला हाकलत नाही, फक्त हातोडी मारू देत नाही, पैसे देणाऱ्याला दारात उभं करू देत नाही, आणि आधी विचारते की सापडला कुठे, किती खोल, आजूबाजूला कुठला खडक होता. हे न सांगता नुसता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून "काय आहे लवकर सांगा" म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

दुसरी चूक, पडद्यावर दिसलं ते शूटिंग केलंय असं मानणं. हाडं सापडतात, पाऊलखुणा सापडतात, शेणसुद्धा दगड होऊन सापडतं, बाकीचं माणसाने विचार करून भरलेलं असतं. बीबीसीची 1999 ची 'वॉकिंग विथ डायनासोर्स' मला अजून आवडते पण त्यात लायोप्लुरोडॉन नावाचा समुद्री प्राणी 25 मीटरचा दाखवलाय, आणि खरा निघाला सहा-सात मीटरचा. हे नुसतं सांगून पोरांना कळत नाही. मी अंगणात दोर टाकते, 25 मीटरचा दोर थेट गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि सात मीटरचा तुळशीपाशीच संपतो, मग ती आपोआप गप्प होतात. बघतानाही दर दहा मिनिटांनी पॉज करून मी विचारते, "हे कशावरून कळलं असेल?" पोरं कुरकुरतात, करू देत.

मिलियनचा घोळ. 66 मिलियन म्हणजे 6.6 कोटी, 66 लाख नाही आणि 66 कोटी तर नाहीच. मी टीव्हीशेजारी पाटीवर लिहूनच ठेवते.

उडणारे टेरोसॉर डायनासोर नाहीत. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन नाही. मॅमथ, म्हणजे तो केसाळ हत्ती, तर नाहीच नाही.

सगळे एकाच काळात होते हे पण डोक्यातून काढा, स्टेगोसॉरस 15 कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स 6.6 ते 6.8 कोटींचा, म्हणजे टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस यांच्यातल्या अंतरापेक्षा टी-रेक्स आणि आपल्यातलं अंतर कमी.

व्हेलोसिरॅप्टर हा डायनासोर टर्की पक्ष्याएवढा होता, त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या खुणा 2007 मध्ये दाखवल्या गेल्या. अजून बिनपिसांचा दाखवत असतील तर तो कार्यक्रम जुना किंवा आळशी.

कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर येणाऱ्या पाट्या न वाचता बंद करू नका. 2013 मध्ये मेगालोडॉन शार्क अजून जिवंत आहे असा एक कार्यक्रम आला होता, त्यातले शास्त्रज्ञ नट होते, आणि हे सांगणारी ओळ शेवटी काही सेकंदच दिसायची. लोक अजून तो शार्क जिवंत मानतात.

आणि रील्सवरून सुरुवात नकोच. तीस सेकंदात नुसतं गुरगुरणं ऐकलेल्या पोराला पन्नास मिनिटं बसवता येत नाही, मी केलाय प्रयत्न.

आप्पांना मात्र मी तसंच परत पाठवलं नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलंय, त्यावर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची, आणि पक्षी हे डायनासोरांचेच वंशज. हे ऐकून ते परत बसले आणि म्हणाले, "मंग आपला खान्देशमा अंडं सापडनं तर." मी म्हटलं, हो आप्पा, सापडलं.