टेस्ट पास झाली, पण इंडेक्स वाचला का? गिटच्या पॅक-इंडेक्सच्या टेस्ट लिहिताना या चुका टाळा

गिटमध्ये इंडेक्स म्हटलं की बहुतेकांना 'गिट ॲड' आणि स्टेजिंग आठवतं. इथे विषय साठवणुकीच्या इंडेक्सचा आहे: पॅक फाइलमध्ये (अनेक ऑब्जेक्ट, म्हणजे गिटने साठवलेल्या फाइली, कमिट वगैरे, एकत्र दाबून ठेवलेली फाइल) कुठला ऑब्जेक्ट कितव्या बाइटपासून सुरू होतो हे सांगणारी आयडीएक्स फाइल, आणि अशा अनेक पॅकांचा मिळून बनणारा मल्टी-पॅक-इंडेक्स. हा दुसरा प्रकार डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या २.२० आवृत्तीत दाखल झाला. मायक्रोसॉफ्टमधल्या डेरिक स्टोली यांचं ते काम. रिपॉझिटरीत शेकडो पॅक साचले की एका ऑब्जेक्टसाठी एकेक आयडीएक्स उघडून पाहणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांची मिळून एक यादी.

या सोयीची टेस्ट लिहिणं अवघड का, तर इंडेक्स असो वा नसो, उत्तर तेच येतं. फरक पडतो तो वेगात. इंडेक्स सापडला नाही तर गिट निमूटपणे जुन्या वाटेने जातं आणि बरोबर उत्तर देतं. त्यामुळे टेस्ट पास झाली म्हणजे इंडेक्स चालला असं मानणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

दोन्ही बाजूंना तेच, मग तुलना कशाची?

नेहमीची पद्धत अशी: 'रेव्ह-लिस्ट' किंवा 'कॅट-फाइल' ही ऑब्जेक्ट वाचणारी कमांड एकदा 'कोअर.मल्टीपॅकइंडेक्स' बंद ठेवून चालवायची, एकदा चालू ठेवून, आणि दोन्ही आउटपुट गिटच्या टेस्ट-संचातल्या 'टेस्ट_सीएमपी'ने ताडून पाहायची. पद्धत चांगली आहे. पण ही सेटिंग मुळातच चालू असते. 'बंद'वाल्या बाजूला स्पष्टपणे 'फॉल्स' लिहिलं नाही, तर दोन्हीकडे एकच वाट तपासली जाते.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे इंडेक्स जागेवरच नसणं. मल्टी-पॅक-इंडेक्स लिहून झाल्यावर सेटअपमध्ये कुणीतरी 'गिट रीपॅक' ए आणि डी पर्यायांसह चालवतं, म्हणजे सगळं एका नव्या पॅकमध्ये घेऊन जुने पॅक काढून टाकतं. इंडेक्समध्ये नोंदलेले पॅक त्यात काढले गेले की रीपॅक तो इंडेक्सही पुसून टाकतं, आणि ते योग्यच आहे. पण पुढच्या दहा टेस्ट मग इंडेक्सविना धावतात आणि सगळ्या हिरव्या दिसतात.

पुश किंवा फेचमधून पॅक तयार होईल हे गृहीत धरणंही असंच अंगाशी येतं. 'अनपॅकलिमिट' मुळात १०० असतं. त्याहून कमी ऑब्जेक्ट आले तर गिट ते सुटे करून ठेवतं, पॅक बनतच नाही, आणि टेस्टमधल्या रिपॉझिटरीत शंभर ऑब्जेक्ट क्वचितच असतात. पॅक हवाच असेल तर 'पॅक-ऑब्जेक्ट्स'ने स्वतः बनवा, किंवा ही मर्यादा १ वर आणा.

इंडेक्स खरंच वाचला गेला याचा पुरावा 'ट्रेस२'मध्ये, म्हणजे गिट स्वतःच्या कामाच्या ज्या नोंदी ठेवतं त्यांत, मिळतो. मल्टी-पॅक-इंडेक्स उघडताना गिट तिथे 'लोड/नम_पॅक्स' अशी नोंद करतं. ट्रेस एका फाइलमध्ये घ्या आणि ही नोंद ग्रेपने शोधा. 'टेस्ट-टूल रीड-एमआयडीएक्स'सुद्धा (एमआयडीएक्स म्हणजे मल्टी-पॅक-इंडेक्स) उपयोगी आहे, पण ते फक्त फाइलच्या पोटात काय आहे ते सांगतं. तुमच्या 'कॅट-फाइल'ने ती फाइल उघडली की नाही, हे त्यातून कळत नाही.

आणखी एक. गिटचा टेस्ट-संच एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन असाही चालवतात की प्रत्येक रीपॅकनंतर मल्टी-पॅक-इंडेक्स आपोआप लिहिला जावा. तुमची टेस्ट 'इंडेक्स नसताना काय होतं' हे पाहत असेल तर ती तिथे कोसळेल. म्हणूनच या सोयीची मुख्य स्क्रिप्ट, टी५३१९, सुरुवातीलाच ते व्हेरिएबल शून्य करून टाकते.

बिघडवलेली फाइल कशामुळे नापास झाली?

फाइलमधला एक बाइट बदलायचा, 'मल्टी-पॅक-इंडेक्स व्हेरिफाय' चालवायचं आणि ते नापास व्हायला हवं असं लिहायचं. अशी टेस्ट पास होणारच, कारण फाइलच्या शेवटी सगळ्या मजकुराचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो आणि कुठलाही बाइट बदलला तरी तो जुळत नाही. ऑब्जेक्टांच्या क्रमाची तपासणी कोडमधून उद्या कुणी काढून टाकली, तरी तुमची टेस्ट हिरवीच राहील. म्हणून नुसतं 'नापास झालं' पुरेसं नाही. नेमका संदेश एररमध्ये शोधा.

तो शोधतानाही जपा. स्क्रिप्ट एक्स पर्यायाने चालवली की शेल प्रत्येक कमांड अधिक चिन्ह लावून छापतं, आणि त्या ओळी एररच्या फाइलमध्ये मिसळू शकतात. मग तुमचा ग्रेप तुमच्याच कमांडमधल्या शब्दांवर जुळतो. अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी आधी गाळून घ्या.

कुठला बाइट बदलायचा हे मांडणी पाहून ठरवा. मल्टी-पॅक-इंडेक्सचं हेडर १२ बाइटांचं आहे: पहिले चार सहीचे, मग आवृत्ती, मग हॅशचा प्रकार, मग चंकांची (फाइलमधल्या विभागांची) संख्या, मग बाकीचं. शून्यापासून मोजलं तर हॅशचा प्रकार पाचव्या जागी येतो. तिथे चुकीची किंमत म्हणून २ घालू नका, कारण २ म्हणजे एसएचए-२५६ आणि ती वैध आहे. ३ घाला.

नापास होण्याची अपेक्षा शेलमध्ये निकाल उलटा करणाऱ्या उद्गारचिन्हाने लिहू नका, 'टेस्ट_मस्ट_फेल' वापरा. बिघडलेली फाइल वाचताना गिट सेगफॉल्ट होऊन (मेमरीच्या चुकीने अचानक) मेलं, तर उद्गारचिन्हाच्या लेखी तेही 'अपेक्षेप्रमाणे नापास'. बिघाडाच्या टेस्ट आपण लिहितो त्याच मुळी असं मरण पकडण्यासाठी. 'टेस्ट_मस्ट_फेल' नीट एरर देऊन बाहेर पडणं आणि सिग्नलने मरणं यात फरक करतं.

आणि फक्त 'व्हेरिफाय'वर थांबू नका. रोजच्या वाचनात गिट पूर्ण फाइलचा चेकसम तपासत नाही, ते फार महाग पडेल. म्हणजे बिघडलेली फाइल 'लॉग' आणि 'कॅट-फाइल' यांच्याही हाती लागते. चंक अपेक्षेपेक्षा छोटा निघाला तर वाचन फाइलच्या हद्दीबाहेर जाऊ शकतं. २०२३ च्या शेवटी आलेल्या २.४३ मध्ये चंकांच्या लांबीच्या अशा बऱ्याच तपासण्या जोडल्या गेल्या, कमिट-ग्राफसाठी (कमिटांची माहिती झटपट देणारी फाइल) आणि मल्टी-पॅक-इंडेक्ससाठीही. नवा चंक आणत असाल तर तो तोकडा करून साध्या वाचनाचीही टेस्ट लिहा.

किरकोळ पण नेहमी अडवणारी गोष्ट: या फाइली फक्त वाचण्यासाठी खुल्या असतात. 'डीडी'ने बाइट बदलण्याआधी 'सीएचमॉड' करून लिहिण्याची परवानगी द्या, आणि मूळ फाइल परत जागेवर आणण्याचं काम 'टेस्ट_व्हेन_फिनिश्ड'कडे सोपवा. नाहीतर एक टेस्ट पडली की पुढच्या सगळ्या पडतात आणि खरं कारण शोधत बसावं लागतं.

वीस बाइटांची सवय

एसएचए-१ चा हॅश २० बाइटांचा, एसएचए-२५६ चा ३२. बाइटांच्या जागा मोजताना २० हा आकडा हाताने लिहिलात तर दुसऱ्या हॅशवर भलताच बाइट बिघडेल. 'टेस्ट_ओआयडी'कडून लांबी मागून घ्या आणि डिफॉल्ट हॅश एसएचए-२५६ ठेवून स्क्रिप्ट एकदा चालवाच.

मोठ्या ऑफसेटसाठी मोठी फाइल लागत नाही

आयडीएक्समध्ये ऑफसेटला (ऑब्जेक्ट कितव्या बाइटपासून सुरू होतो त्या आकड्याला) चार बाइट असतात. त्यातला सर्वात वरचा बिट 'खरा आकडा आठ बाइटांच्या तक्त्यात पाहा' ही खूण असते. त्यामुळे २ जीबीच्या पुढे दुसरी वाट सुरू होते. ती तपासायला दोन जीबीचा पॅक बनवत बसाल तर तुमची टेस्ट कुणी चालवणार नाही. 'इंडेक्स-व्हर्जन' या पर्यायात आवृत्ती २ आणि पुढे ६४ सारखी मर्यादा हेक्समध्ये दिली की त्यापलीकडचे सगळे ऑफसेट आठ बाइटांच्या तक्त्यात जातात, आणि चिमुकल्या पॅकवर काम भागतं.

मल्टी-पॅक-इंडेक्सला मात्र एवढ्याने फसवता येत नाही. तो खरे आकडे वाचतो आणि ते लहान असतील तर मोठ्या ऑफसेटचा चंक लिहीतच नाही. म्हणून त्या टेस्टमध्ये आयडीएक्सच्या आठ बाइटांच्या नोंदीतला वरचा बाइट बदलून मग इंडेक्स लिहितात. अशा पॅकमधून ऑब्जेक्ट वाचायला जाऊ नका, त्या जागेवर काहीच नसतं. फक्त चंक लिहिला गेला का तेवढं तपासा.

कधी पास, कधी नापास

एकच ऑब्जेक्ट दोन पॅकांत असेल आणि पसंतीचा पॅक सांगितला नसेल, तर मल्टी-पॅक-इंडेक्स बदलाची वेळ ताजी असलेला पॅक निवडतो. टेस्टमध्ये दोन पॅक एकाच सेकंदात बनतात. मग तुमच्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट सर्व्हरवर पडते. मध्ये 'स्लीप' घालणं हा उपाय नव्हे, त्याने संच रेंगाळतो. 'टेस्ट-टूल सीएचएमटाइम'ने प्रत्येक पॅकची वेळ स्वतः ठरवा. पॅकचा आकार किंवा नाव जुळवत असाल तर 'पॅक.थ्रेड्स' १ ठेवा, कारण थ्रेड बदलले की डेल्टांची (ऑब्जेक्ट एकमेकांतल्या फरकांच्या रूपात साठवण्याची) निवडही बदलू शकते.

तरी संशय उरला तर स्क्रिप्टला 'स्ट्रेस' पर्याय द्या. तिच्या अनेक प्रती एकदम, एखादी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा धावतात. पडलेल्या प्रतीची डिरेक्टरी नावाच्या शेवटी 'स्ट्रेस-फेल्ड' लागून तशीच राहते. तिच्यातल्या पॅक फाइलींच्या वेळा आधी पाहा, मग कोड उघडा.